जेवणाच्या टेबलावरचे ऐंशी कागद : इंगो माउरर यांचे दिवे आणि बागेतले काही

म्युनिकमधील आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर दीड वर्षापासून एक दिवा टांगलेला आहे. घरी येणारा पाहुणा जोडे काढून आत आला की बसण्याआधी त्या दिव्याखाली जाऊन उभा राहतो, मान वर करतो आणि वाचू लागतो. दिव्याचे नाव आहे 'त्सेटल्झ ५'. जर्मन भाषेत 'त्सेटल' म्हणजे चिठ्ठी किंवा चिटोरे, आणि दिव्यांचे जर्मन रचनाकार इंगो माउरर यांनी १९९७ मध्ये घडवलेला हा दिवा खरोखरच चिठ्ठ्यांचा आहे. मधोमध दुधी काचेत प्रकाश, त्याभोवती चहू दिशांना फाकलेल्या पोलादी तारा आणि प्रत्येक तारेच्या टोकाला चिमट्यात धरलेला पातळ जपानी कागद, अशी त्याची रचना आहे. पेटीतून एकूण ८० कागद निघतात. त्यांपैकी ३१ कागदांवर मजकूर छापलेला असतो आणि ४९ कोरे असतात. कोऱ्या कागदांवर काय लिहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

घरासाठी आणि बागेसाठी गमतीदार दिवे आता कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात. बेडूक, घुबड, ससा, मशरूम, चंद्रावर बसलेले अस्वल, अशा कितीतरी रूपांत ते येतात आणि त्यांतले काही आम्हीही घेतले. त्या खरेदीतून माझी एक कसोटी तयार झाली आहे आणि हे परीक्षण तिच्याच आधाराने लिहिले आहे. दिव्यातली गंमत प्रकाशाच्या कामी येते, की बल्ब केवळ एखाद्या पुतळ्याला चिकटवलेला असतो, एवढेच मी पाहते. ही कसोटी मला जर्मनीत सापडली नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांसमोर लहानपणी अनेकदा उभी राहिले आहे. तिथल्या दिव्यांवर पक्षी आहेत, हत्ती आहेत. जुन्या लामणदिव्यांपैकी काहींत हत्तीच्या किंवा पक्ष्याच्या पोटातच तेल साठवलेले असे आणि खालच्या पणतीतले तेल उतरले की वरून आपोआप थोडे थोडे तेल येऊन ती भरत असे. त्या हत्तीला दिव्यावर असण्याचे कारण होते. तो काढून घेतला तर दिवा नुसता ओका दिसला नसता, तो लवकर विझलाही असता.

'त्सेटल्झ' या कसोटीला पूर्ण उतरतो, कारण त्याचे कागद एकाच वेळी झुंबराच्या लोलकांचे, शेडचे आणि पत्रपेटीचे काम करतात. मधला प्रकाश कागदांतून गाळून खोलीत येतो, कागदांच्या कडांवर उजळतो आणि भिंतींवर एकावर एक पडलेल्या फिकट सावल्यांची नक्षी उमटवतो. कुणी दार उघडले किंवा टेबलावरून भात वाढण्यासाठी हात पुढे केला की काही कागद किंचित हलतात आणि त्यांच्याबरोबर ती नक्षीही हलते. अंधारात दिवा बंद असताना तो पांढऱ्या कागदांचा पसारा वाटतो, हे खरे आहे, पण बटण दाबताच त्याच पसाऱ्याला आकार येतो.

छापील कागदांवर निरनिराळ्या भाषांतील मजकूर आणि रेखाटने आहेत. ती सुंदर आहेत, परंतु आमच्या घरात त्यांच्याकडे फारसे कुणी पाहत नाही, कारण पाहुण्यांचे डोळे कोऱ्या कागदांवर आम्ही लिहिलेल्या गोष्टींकडे वळतात. पहिले दोन महिने आम्ही ते कोरेच ठेवले होते. काहीतरी फार अर्थपूर्ण लिहावे, असे वाटत राहिले आणि त्या दडपणाखाली काहीच लिहिले गेले नाही. मग साताऱ्याहून आई आली, दिव्याकडे पाहत म्हणाली, "अगं, एवढे कोरे कागद टांगून ठेवायचे असतात का घरात? निदान श्री तरी लिही." तिनेच पहिल्या कागदावर फाउंटन पेनाने 'श्री' लिहिले. जपानी कागदाच्या लांब तंतूंमधून शाई थोडी पसरली आणि दिवा लावल्यावर त्या अक्षराभोवती निळसर धूसर कड दिसू लागली. ती कड मला आजही सर्वांत आवडते.

त्यानंतर कागद भरत गेले. मुलगी इथल्या जर्मन शाळेत जाते आणि मराठी घरीच शिकते. तिला 'ळ' पहिल्यांदा नीट काढता आला त्या दिवशी तिने एक अख्खा कागद 'ळ'नेच भरून काढला. तिच्या वर्गातल्या मुली आल्या की त्या अक्षराचा उच्चार करून पाहतात. आईने अनारशांच्या पिठाचे प्रमाण लिहून दिले आहे. यजमानांनी त्यांच्या आजोबांच्या पोस्टकार्डावरची एक ओळ उतरवून काढली आहे. मूळ कार्ड टांगायचा विचार होता, पण उजेडाने शाई उडते, म्हणून ते पेटीतच ठेवले. एका कागदावर फक्त वाणसामानाची यादी आहे, कारण त्या दिवशी हाताशी दुसरा कागद नव्हता, आणि आता तीही काढवत नाही.

लिहिण्याविषयी काही व्यवहारी सूचना इथेच करते. पेन्सिल उत्तम दिसते. बॉलपेनची रेघ मागून दिवा आल्यावर बारीक आणि करडी दिसते, तर शाईचे पेन कागदावर पसरते, त्यामुळे अक्षर मोठे काढावे. दोन्ही बाजूंना लिहिले तर प्रकाशात दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळतात आणि काहीच वाचता येत नाही. कागदाचा आकार नेहमीचा ए-५ म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर आहे, त्यामुळे पुढे कागद संपले तरी स्टेशनरीच्या दुकानातून पातळ, अर्धपारदर्शक कागद आणून कापता येतो. जाड कार्डशीट मात्र टाळावा. तार वाकते आणि तो भाग खाली लोंबतो.

जोडणीला आम्हांला एक संपूर्ण संध्याकाळ लागली. एकेक तार भोकात बसवायची, तिला हवा तसा बाक द्यायचा, चिमटा लावायचा, कागद अडकवायचा आणि मग खाली उतरून लांबून पाहायचे, असे ऐंशी वेळा करावे लागते. मला ते काम फार आवडले, कारण दिवाळीत आकाशकंदिलाच्या काड्या बांधून त्यांवर जिलेटीन चिकटवत बसण्याची सवय असणाऱ्याला यात परके काही नाही. कोणता कागद उंच जाईल, कोणता मुलीच्या नजरेच्या पातळीवर येईल, हे ठरवताना आम्ही दिव्याचे अर्धे निर्माते झालो होतो. ज्यांना पेटी उघडून अर्ध्या तासात दिवा लावायचा आहे, त्यांनी मात्र दुसरा दिवा पाहावा.

त्याला जागाही लागते. पसरल्यावर व्यास सुमारे १२० सेंटिमीटर होतो, तेवढीच उंची. आमचे घर जुन्या इमारतीत आहे आणि छत उंच आहे, म्हणून तो सुखाने राहतो. मुंबई-पुण्यातील नव्या इमारतींच्या बेताच्या उंचीच्या खोल्यांत, त्यातही खाली पंखा असेल तर, तो लावू नये. पंख्याच्या वाऱ्यात कागद टिकणार नाहीत. सर्वांत खालचा कागद टेबलापासून सत्तर-ऐंशी सेंटिमीटर वर राहील, असा बेत ठेवला तर समोरासमोर बसलेल्यांचे चेहरे झाकत नाहीत. धूळ झटकण्यासाठी मऊ, कोरडा रंगकामाचा कुंचला पुरतो. किमतीचे म्हणाल तर एका चांगल्या सायकलीइतके पैसे मोजावे लागतात. ही रक्कम थोडी नाही, आणि मी ती दिव्यासाठी मोजायला आधी तयार नव्हते.

हा दिवा कुणाच्या डोक्यातून निघाला, हे कळल्यावर तो अधिक समजतो. माउरर यांचा जन्म १९३२ मध्ये बोडन सरोवरातील रायखेनाउ बेटावर एका कोळ्याच्या घरी झाला. त्यांनी आधी टायपोग्राफीचे, म्हणजे छापील अक्षरांचे शिक्षण घेतले, मग म्युनिकमध्ये ग्राफिक डिझाइनचे. १९६० मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९६३ मध्ये परतले. व्हेनिसमधील एका स्वस्त खोलीत, जेवणानंतर आडवे पडले असताना छताला टांगलेला उघडा बल्ब पाहून त्यांना पहिला दिवा सुचला, अशी आठवण ते सांगत. १९६६ मध्ये त्यांनी 'बल्ब' तयार केला. एका मोठ्या काचेच्या बल्बच्या पोटात खराखुरा छोटा बल्ब, इतकी साधी ती कल्पना होती, आणि न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'ने तो आपल्या संग्रहात घेतला. अक्षरे जुळवण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने एकतीस वर्षांनी कागद आणि अक्षरे टांगलेला दिवा करावा, यात मला एक सरळ रेघ दिसते. ते २०१९ मध्ये म्युनिकमध्येच वारले. २०२२ मध्ये त्यांची कंपनी इटलीतील 'फोस्कारिनी' या दिव्यांच्या कंपनीकडे गेली.

श्वाबिंग भागातील कायझरश्ट्रासेवर त्यांची कार्यशाळा आणि शोरूम होते आणि आम्ही दिवा तिथूनच घेतला. जाताना 'म्युन्श्नर फ्रायहाइट' या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर उतरलो. त्या स्थानकाची २००९ मध्ये नव्याने केलेली प्रकाशयोजनाही माउरर यांचीच आहे. निळा प्रकाश, पिवळे खांब आणि आरशासारखे छत, यांमुळे फलाटावर उभे राहिलेल्या माणसाला आपण वर की खाली, असा प्रश्न क्षणभर पडतो. मुलगी मान वर करून स्वतःच्या प्रतिबिंबाला हात करत होती. हे स्थानक पाहून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. म्युनिकला येणाऱ्या मराठी मंडळींना तर मी मारिएनप्लाट्झ या शहराच्या मुख्य चौकाच्या आधी तिथे नेते.

याच घराण्यातला दुसरा दिवा म्हणजे १९९२ चा 'लुचेल्लीनो'. इटालियनमध्ये 'लुचे' म्हणजे प्रकाश आणि 'उच्चेल्लीनो' म्हणजे पाखरू. दोन शब्द जोडून हे नाव तयार झाले. एका साध्या बल्बला हंसबदकाच्या पिसांचे दोन पंख आहेत, खाली बारीक दांडा आणि लाल वायर. पंख हाताने बनवलेले असतात. यात गंमत प्रकाशातून येते का? माझ्या मते येते, कारण पंख बल्बच्या अगदी जवळ असल्याने दिवा लागताच पिसांच्या मुळांपासून टोकांकडे उजेड विरत जातो आणि भिंतीवर पंखांची सावली मूळ पंखांपेक्षा कितीतरी मोठी पडते. वाचनासाठी तो उपयोगाचा नाही. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते पडून राहण्यासाठी आहे. पिसांचा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपापल्या मनाशी सोडवावा. आईने शोरूममध्येच विचारले, "ही पिसं खऱ्या पक्ष्याची ना? मग माझ्या उशाशी नको." तिचा आक्षेप मला रास्त वाटला आणि आम्ही तो दिवा घेतला नाही.

त्याऐवजी मी एक चूक केली. इंटरनेटवरील एका विक्रेत्याकडून पंख असलेल्या बल्बची एक स्वस्त नक्कल मागवली, प्लॅस्टिकच्या पंखांची, म्हणजे पिसांचा प्रश्नही मिटेल. पंख इतके जाड होते की त्यांतून उजेड पार जातच नव्हता. भिंतीवर दोन काळे ठिपके पडत. तिसऱ्या आठवड्यात एक पंख बुंध्याशी तुटला. त्या दिव्याने मला एवढे नक्की शिकवले की या दिव्यांत कल्पना चोरता येते, पण साहित्याची जाडी, पोत आणि बल्बपासूनचे अंतर चोरता येत नाही, आणि सगळा परिणाम त्या अंतरातच असतो.

१९९४ चा 'पोर्का मिझेरिया' हा फुटलेल्या चिनीमातीच्या बशा आणि कपांच्या तुकड्यांचा दिवा मी केवळ पाहिला आहे. स्फोट होता होता गोठावा, तसे ते तुकडे हवेत पसरलेले असतात. रचना थक्क करणारी आहे, परंतु घरात तडा गेलेली बशीसुद्धा वापरू नये, अशा संस्कारात वाढलेल्या मला तो जेवणाच्या टेबलावर टांगता येणार नाही.

बल्बविषयी थोडे सांगायला हवे, कारण खेळकर दिव्यांची अर्धी निराशा चुकीच्या बल्बमुळे होते. युरोपीय संघाने सप्टेंबर २००९ पासून दुधी काचेचे साधे दिवे बाजारातून काढायला सुरुवात केली, तेव्हा माउरर यांनी पारदर्शक बल्बवर चढवण्यासाठी सिलिकॉनची एक दुधी टोपी काढली आणि तिचे नाव 'युरो कॉन्डम' ठेवले. नाव थट्टेचे होते, पण मुद्दा प्रकाशाच्या गुणवत्तेचा होता आणि त्यासाठी ते खरोखर भांडत होते. आता एलईडी खूप सुधारले आहेत. कागदाच्या दिव्यात तर उष्णता कमी म्हणून एलईडीच वापरावा, आणि कागद काचेजवळ येऊ देऊ नये. घेताना वेष्टनावर २,७०० केल्विन, म्हणजे पिवळसर उबदार उजेड, आणि रंगदर्शकता (सीआरआय), म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा त्याहून अधिक लिहिलेली आहे का, ते पाहावे. आम्ही आधी कमी प्रतीचा बल्ब लावला होता, तेव्हा ताटातले वरण राखाडी दिसत होते. बल्ब बदलल्यावर हळदीचा पिवळा रंग परत आला.

बागेतल्या दिव्यांकडे वळते. शहराच्या कडेला भाड्याने मिळणाऱ्या बागांच्या वसाहतींत आमचा एक छोटा तुकडा आहे. इथल्या संघराज्याच्या कायद्यानुसार अशा बागेतील खोपटे २४ चौरस मीटरपेक्षा मोठे असू शकत नाही, आणि आमच्या वसाहतीत वीज नाही. म्हणून पहिल्या वर्षी एका मोठ्या दुकानातून सौर बेडूक आणला. त्याच्या पाठीवर छोटे सौरपटल होते आणि रात्री डोळे उजळत. अशा दिव्यात दिवसा पटल एका लहान निकेल-मेटल हायड्राइड सेलला भारित करते, आणि पटलावरचा उजेड संपला की तेच पटल अंधाराची खूण देऊन एलईडी चालू करते. योजना चांगली आहे. पण डिसेंबरमध्ये म्युनिकला दिवस जेमतेम साडेआठ तासांचा, त्यात धुके. बेडूक संध्याकाळी वीस मिनिटे जागा राहू लागला. मार्चपर्यंत पोटात पाणी शिरले. सेल बदलावा म्हटले तर तळ डिंकाने कायमचा बंद केलेला. आणि तो चालू होता तेव्हाही त्याचे डोळे फक्त बेडकालाच उजळत होते. त्या उजेडात पायरी दिसत नव्हती. सौर दिवा घ्यायचाच असेल तर सेल बदलण्यासाठी स्क्रूचे झाकण आहे ना, आणि उघड्यावर ठेवायचा तर निदान आयपी ४४, हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा, लिहिलेला आहे ना, हे आधी पाहावे. यातला दुसरा ४ शिंतोड्यांपासूनच्या संरक्षणाचा आहे. पाइपने पाणी मारणार असाल तर तो आकडा ५ हवा.

आता तिथे 'फॅटबॉय' या डच कंपनीचा 'एडिसन द पटी' असतो. जुन्या पद्धतीच्या टेबललॅम्पची बाह्यरेषा एखाद्या मुलाने काढावी, तसा पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचा गोलसर दिवा, १६ सेंटिमीटर रुंद आणि २५ उंच. शेड वेगळी नाही. खालपासून वरपर्यंत तो स्वतःच उजळतो. यूएसबीवर भारित होतो आणि प्रकाशाच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत मंद पायरीवर पूर्ण दिवस पुरतो, असे उत्पादक सांगतो आणि आमच्या शनिवार-रविवारला तो नेहमी पुरला आहे. त्याची खरी गंमत त्याच्या हलकेपणात आहे. मुलगी तो काखेत मारून मिरचीच्या वाफ्यापर्यंत जाते, जमिनीवर ठेवते, गोगलगाई शोधते आणि परत आणते. साताऱ्याच्या घरी रात्री परसात जाताना हातात कंदील असे, त्याची मला आठवण होते. टेबललॅम्पचे रूप घेतलेला दिवा प्रत्यक्षात कंदिलाचे काम करतो, ही विसंगती मुलांना लगेच कळते.

एका मित्राच्या गच्चीवर 'सेलेत्ती' या इटालियन कंपनीचे माकड आहे. दोरीला एका हाताने लोंबकळणारे आणि दुसऱ्या हातात उघडा बल्ब धरलेले हे माकड मार्कान्तोनिओ या शिल्पकार-डिझायनरने घडवले आहे. बाहेर ठेवण्यासाठी ते काळ्या रंगात मिळते. राळेतले काम अतिशय बारकाईचे आहे. दिव्याचे धारक होणे हे माकडाचे कामच आहे, म्हणून माझ्या कसोटीत ते बसते, जरी प्रकाशावर त्याचा काही परिणाम होत नाही. मित्राचे वडील सिंधुदुर्गातले. त्यांनी ते पाहताच म्हटले, "अरे, गावी माडांवरून यांना हाकलण्यात आमचं आयुष्य गेलं, आणि तू पैसे देऊन आणलंस?" कोकणात नारळ आणि आंब्यांची नासाडी सोसलेल्या माणसाला हे माकड गोड वाटेलच, असे नाही.

बागेत कोणताही दिवा रात्रभर चालू ठेवू नये, हे मला इथे आल्यावर उमगले. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात २०१९ मध्ये मधमाश्या आणि कीटक वाचवण्याच्या मागणीसाठी १७ लाखांहून अधिक मतदारांनी सह्या केल्या, आणि त्यातून आलेल्या कायद्यात रात्रीच्या कृत्रिम उजेडावरही बंधने आली. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे पतंग अधिक ओढले जातात; पिवळसर, मंद आणि खाली रोखलेला दिवा त्यांना कमी त्रास देतो. आम्ही 'एडिसन' मंद ठेवतो आणि खोपट्यात जाताना विझवतो.

घरातल्या दिव्यावर अजून सात कागद कोरे आहेत. त्यांतला एक आईने राखून ठेवायला सांगितला आहे. पुढच्या खेपेला येताना ती पुरणपोळीच्या कणकेतले तेलाचे प्रमाण लिहिणार आहे, जे आतापर्यंत तिने कुणालाही, मला सुद्धा, नीट सांगितलेले नाही.